फ्लेक्सवरची कडूबाई

“मग एकदा सांगून टाक, मी मेले का जित्ती हाय?”

“मावशी, तुम्ही मेलात असं कुठं लिहिलंय त्याच्यावर? ‘ज्योत विझू देऊ नका’ एवढंच लिहिलंय. वाचा की.”

“मला वाचाय येतं?”

“मग ज्यांना येतं त्यांना विचारायचं.”

“त्यांनीच सांगितलं, बाई. वाचनाऱ्यांनीच सांगितलं, कडूबाई गेली म्हनून.”

योगिनीनं हातातला पेन टेबलावर आपटला नाही, ठेवला. पण आवाज आपटल्यासारखाच झाला. समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत झरी गावची कडूबाई ताठ बसली होती, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. परभणीत मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ‘उजेडवाट प्रतिष्ठान’चं ऑफिस. जिना चढून आल्यापासून बाईनं पाण्याला हात लावला नव्हता.

“चहा सांगू का तुम्हाला?”

“मेलेलं मानूस चहा पेत न्हाई.”

“मावशी, असं वाकडं बोलून काय होणाराय?”

“मावशी म्हनू नको मला. मी तुज्या मायची भन न्हाई. तिनं तुला हे शिकवलं नसंल.”

“काय केलंय मी एवढं? फोटो काढताना तुम्हीच हसत होतात.”

“हसत व्हते ना? मग त्या फ्लेक्सवर माजा मुडदा कसा आला?”

यावर योगिनीकडे उत्तर होतं, पण ते कॉलेजात चालणारं होतं.

योगिनी सेलूची. बीबीएचं शेवटचं वर्ष. वर्गातली पोरं इंटर्नशिपला पुण्याला, संभाजीनगरला गेली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून स्टेटसला फोटो टाकू लागली. योगिनीच्या आईनं सांगितलं, रोज गाडीनं परभणीला जाऊन संध्याकाळी घरी येता येईल तिथंच जायचं. तिथं मिळालं ते हे. मोतीबिंदूची शिबिरं घेणारं प्रतिष्ठान. कामाचं नाव मार्केटिंग, आणि शेवटी मिळणारं सर्टिफिकेट कॉलेजात दिल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. आली तीच नाक मुरडत. “इथं कसलं मार्केटिंग? लोकांच्या डोळ्यांत थेंब घालायचे का मी?” असं ती पहिल्याच दिवशी मैत्रिणीला फोनवर म्हणाली, आणि दाराआड उभ्या असलेल्या सुमंगलाताईंनी ते ऐकलं. प्रतिष्ठान सुमंगलाताईंच्या वडिलांनी काढलेलं. आता सगळा कारभार त्यांच्याकडे. सहीसुद्धा त्यांचीच. तेव्हापासून दोघींचं जे बिनसलं ते बिनसलंच.

भिंतीला जुने फ्लेक्स गुंडाळून उभे होते. योगिनीनं एकेक उलगडून पाहिला. अध्यक्ष फेट्यात, उपाध्यक्ष फेट्यात, सचिव हात जोडून.

“ताई, ह्यात पेशंट कुठंय?”

“पेशंट कशाला? पेशंट काय देणगी देणाराय?”

“देणगी देणाऱ्याला चेहरा लागतो. माणूस दिसायला पाहिजे.”

“ही सगळी माणसंच आहेत.”

“ही पदाधिकारी आहेत, ताई.”

आठवडाभर अशी जुंपली. शेवटी सुमंगलाताई कंटाळून म्हणाल्या, “कर तुला काय करायचंय ते. तुला शिकवलंय ना.” आणि योगिनी झरीच्या शिबिरात गेली.

त्या दिवशी कडूबाईच्या डोळ्याची पट्टी निघाली होती. बाई उजेडाकडं तोंड करून बसली, डोळे किलकिले केले आणि समोर कोण दिसलं कुणास ठाऊक, हसली. मोबाईल समोर आला तसे सवयीनं हात जोडले. योगिनीला त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आवडल्या. पण अंगात पोपटी चोळी, मागं गुलाबी खुर्ची, खुर्चीखाली निळी बादली. सगळा बाजार. तिनं एका बोटात रंग काढून टाकले. उरली काळीपांढरी कडूबाई. डोळ्यांना उजेड मिळाला म्हणून शेजारी एक तेवती पणती ठेवली, तेवढीच पिवळी. मोठ्या मासिकात शोभेल असं झालं होतं. फ्लेक्सवाल्यानं काही न विचारता छापलं. असले त्याच्याकडं रोज येतात.

असले म्हणजे कसले, हे योगिनीच्या ध्यानात आलं नाही. आपल्या जिल्ह्यात फ्लेक्सवर जिवंत माणूस रंगीत असतं. पहिला वाढदिवस असो, नाहीतर पंचायतीची निवड. गाल गुलाबी, ओठ लाल, गॉगल चमकता. रंग गेला, हात जोडलेले राहिले आणि शेजारी पणती लागली, की खालचं कुणी वाचत नाही. चालत्या गाडीवरून बघून लोक हळहळतात आणि पुढं जातात. लहानपणापासून अशा फ्लेक्सांखालून येऊन-जाऊन योगिनीनं कधी मान वर केली नव्हती, तेवढंच.

“झालं काय नेमकं, ते तरी सांगा,” ती आता म्हणाली. आवाज जरा खाली आला होता.

“काय व्हनार? तांबडं फुटताना फाट्यावर फ्लेक्स लागला. मी कापूस येचायला रानात. आमचे मालक दूध घालाय फाट्यावर गेले तर चार जन त्यांच्या गळ्यात पडले. ते म्हनले, ‘आरं, आत्ता भाकर बांधून दिली की तिनं मला.’ तर लोक म्हनले, ‘बन्सीधरच्या डोस्क्यावर परिनाम झाला.’ दोघांनी धरून बसवलं त्यांला. तोंडावर पानी मारलं.”

योगिनीला हसू आलं. तिनं ते गिळलं, पण कडूबाईच्या नव्या डोळ्याला ते दिसलं.

“हस. समदी झरी हसायली. तू का मागं राहतीस?”

“नाही, मी...”

“मानसं लाकडं जमा कराय लागली. मी दुपारी रानातून आले तर माज्या दारात बाया बसलेल्या. एक म्हनली, ‘कडूबाई, जरा सरकून बस, मयतीचं घर हाय.’ मग माज्या तोंडाकडं बगितलं तिनं.” कडूबाईनं पिशवीचे बंद आवळले. “तिथवर बी ठीक होतं. चार दिस हसतील, इसरतील. पर तो फोटो मोबाईलात गेला. मोबाईलातून पालमला गेला.”

“पालमला कोण?”

“माजा भाऊ. आश्रुबा.”

मग तिनं जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांत, योगिनीकडं न बघता, समोरच्या पंख्याच्या बटणाकडं बघत. आई गेली तेव्हा आश्रुबा रांगत होता. कडूबाईनंच कडेवर वागवला. पुढं त्याच्या लेकीचं लग्न निघालं. आत्याचा मान पहिला, हे काय कुणी कुणाला शिकवायचं असतं? पण भर मांडवात त्यानं आधी बायकोच्या बहिणीला लुगडं नेसवलं, मग कडूबाईला हाक मारली. कडूबाई भरल्या ताटावरून उठली ती तडक झरीला. तेव्हापासून राखी नाही, भाऊबीज नाही, पंचमीला माहेर नाही. त्यानं बोलावलं नाही, हिनं वाट पाहिली नाही.

“आन त्या दिशी आला,” ती म्हणाली. “गल्लीच्या तोंडापासून वरडत आला. ‘अक्का गं, अक्का गं.’ एस्टीतली मानसं त्याला धरून आनत व्हती. मी तुरी पाखडत व्हते. सूप घिऊनच भायर आले. त्यानं मला बगितलं.”

“मग? खूश झाला असेल की.”

कडूबाईनं पहिल्यांदा योगिनीकडं नीट पाहिलं. कॉलेजात शिकलेली पोर इतकी बिनडोक कशी, असं त्या बघण्यात होतं.

“तो मला म्हनला, ‘कावळा शिवला व्हता का तुला? का मला बोलवायला मेल्याचं सोंग केलंस?’ समद्या गल्लीम्होरं. कावळा डोक्यावर बसला की मेल्याचा खोटा निरोप धाडत्यात मानसं, पावन्यांनी रडावं, इडा टळावी म्हनून. त्याला वाटलं, निरोप मी धाडला. मी. मी मरून त्याला बोलवीन व्हय?”

“तुम्ही सांगितलं नाही का त्यांना, की...”

“सांगितलं. निरोप माजा न्हाई म्हनलं. तर म्हनला, मग काय फाट्यावर फोटो आपोआप उगवला? आन हे टाकून गेला.”

तिनं पिशवीत हात घातला आणि टेबलावर, योगिनीच्या लॅपटॉपला लागून, एक हिरवं लुगडं ठेवलं. नवं, घडीचं, वर दुकानाचं लेबल तसंच.

“छान आहे,” योगिनीच्या तोंडून निघून गेलं.

“छान? मढ्यावरचं हाय ते. नवरा जित्ता असताना बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, हिरवं. त्यापाई आनलं त्यानं. आता सांग, नेसू का पांघरू? नेसले तर लोक म्हनतील, बाईनं आपल्याच मयतीचं लुगडं नेसलं. घरात ठिवलं तर मालक म्हनतात, भायर काढ. परत दिलं तर तो घीना. तूच सांग काय करू ह्याचं.”

योगिनीनं खुर्ची मागं सरकवली. कापडाला हात लागू नये एवढी.

“मला काय करायला सांगताय तुम्ही?”

“चल पालमला. त्याच्या तोंडावर सांग, ही करनी तुजी हाय, कडूबाईची न्हाई. लय न्हाई मागत. फ्लेक्स तुमचा तुमी खुशाल लावा नायतर जाळा. पर कडूबाईनं भावाला बोलवायला सोंग केलं, हे मी ऐकून घेनार न्हाई.”

एवढ्यात सुमंगलाताई आल्या. चप्पल दाराशी काढताना त्यांची नजर मोबाईलवर, आणि बोलणं योगिनीशी.

“बघितलंस का? फोटो बघणारे अजून वाढतायत. तीन शिबिरांत मिळून एवढ्या लोकांनी पाहिलं नव्हतं आपल्याला. लोक काय काय लिहितात बघ. ‘माउलीला श्रद्धांजली.’ ‘यांच्या स्मरणार्थ एक शस्त्रक्रिया माझ्यातर्फे.’ मी तुला म्हणाले नव्हते, चेहरा पाहिजे?”

“मी म्हणाले होते, ताई.”

“तेच ते.” मग त्यांनी वर पाहिलं. “अरे, कडूबाई? वा. बरं झालं आलात.”

“बरं झालं का?” कडूबाई म्हणाली.

“मनाला लावून घेऊ नका हो. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात.”

“वाढलेलं तुमी घ्या. मला व्हतं तेवढं बास व्हतं.”

सुमंगलाताई हसल्या. त्यांना वाटलं, गंमत चालली आहे. “मी काय ठरवलंय ऐका. पुढचं मोठं शिबिर आहे ना, त्यात तुम्हाला स्टेजवर आणायचं. आधी अंधार. मग उजेड तुमच्यावर. लोक म्हणतील, अरे, ह्या तर जिवंत. योगिनी, रील काय होईल विचार कर.”

“म्हंजी तवर मी मेलेलीच?”

“तोवर आपण खुलासा करायचा नाही, एवढंच. लोकांनी तुमच्या नावानं मदत दिलीय. आता उठून चूक झाली म्हटलं तर हसतील सगळे. फ्लेक्स शिबिरापर्यंत राहील.”

कडूबाई योगिनीकडं वळली. “ऐकलंस? एकीनं मारलं, दुसरी जित्तं कराय निघाली. आन मी मधी टांगलेली फाट्यावर.”

“ताई,” योगिनी म्हणाली, “ह्यांच्या भावाला गैरसमज झालाय. मी पालमला जाऊन एकदा सांगून येते. उद्याची सुट्टी धरा माझी.”

“प्रतिष्ठानच्या वतीनं तू काय सांगणार? आमची चूक झाली म्हणून?”

“माझी चूक झाली म्हणून.”

“तुझं इथं काय आहे, योगिनी? कल्पना आमची. तू मोबाईल चालवलास.”

परवाच झरीच्या सरपंचांचा फोन आला होता, तेव्हा ह्याच सुमंगलाताई म्हणाल्या होत्या, ‘अहो, नवीन पोरगी आहे, तिनं परस्पर केलं.’ दोन दिवसांत पोरीचं पाप ताईंचं पुण्य झालं होतं. योगिनीला कडूबाईची दया आली म्हणून ती उठली, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. तिला राग आला होता. आपण केलेलं चांगलं सुमंगलाताईंनी घेतलं तर घेतलं. निदान आपण केलेलं वाईट तरी आपल्या नावावर राहू दे, असा काहीतरी आडमुठा राग.

“मी केलंय ते,” ती म्हणाली. “रंग मी काढला. पणती मी लावली.”

“जा मग. पण सर्टिफिकेटवर सही माझी लागते, हे जाताना ध्यानात ठेव. पालमची एस्टी धरलीस तर परत ह्या जिन्याचं तोंड बघू नकोस.”

“चल गं पोरी,” कडूबाई उठत म्हणाली. “उद्या कशाला? गाडी अर्ध्या घंट्यानं हाय.”

योगिनीनं सॅक उचलली. कडूबाईनं ना लुगडं उचललं, ना पिशवी. ती जिन्यात जाऊन उभी राहिली आणि मागं न बघता म्हणाली, “ते घे. तुजं काम हाय, तूच वागव.”

एस्टीत दोघी एकाच बाकावर बसल्या, मधे लुगड्याची पिशवी. गंगाखेडपर्यंत कडूबाई एकदाच बोलली, “खिडकी सोड, मला वारा लागतो,” आणि खिडकी मिळाल्यावर ती लावून घेतली. योगिनी मनातल्या मनात बोलणं जुळवत होती. प्रेझेंटेशनमध्ये वर्गात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आधी स्वतःची ओळख, मग फोटो, मग चूक कबूल, मग माफी. चार वाक्यांचं काम.

“मावशी, तुमचे भाऊ रागीट आहेत का?”

“माज्याच हातची भाकर खाऊन वाढलाय.”

म्हणजे रागीट. योगिनीनं चार वाक्यं परत घोकली. मोबाईल वाजला. सुमंगलाताईंचा मेसेज होता: ‘कॉलेजला कळवलं आहे. इंटर्नशिप अपूर्ण.’ तिनं तो दोनदा वाचला. आईला काय सांगायचं, त्याची वाक्यं ती आता जुळवू लागली.

“काय झालं?” कडूबाईनं विचारलं.

“काही नाही. मी पण गेले.”

कडूबाईनं पिशवी स्वतःच्या बाजूला जराशी ओढून योगिनीला बसायला जागा केली. पुढच्या स्टॉपला ती पिशवी तिनं पुन्हा मधे सारली.

पालमला स्टँडच्या मागच्या गल्लीत आश्रुबाची पिठाची गिरणी. ज्वारीचं दळण चालू, पट्टा फडफडत होता, दोन-तीन बाया डबे लावून बसल्या होत्या. आश्रुबाच्या भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या, सगळं पिठानं पांढरं. त्यानं बहिणीला दारात पाहिलं आणि गिरणीच्या वरच्या चाडीत ज्वारी ओतत राहिला.

“दळन असंल तर डबा ठिवा,” तो गिरणीच्या आवाजावरून ओरडला. “नंबर आला की हुईल.”

कडूबाई योगिनीला म्हणाली, “त्याला सांग, दळन न्हाई आनलं.”

तो पाच हातांवर उभा होता. योगिनीनं एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं. “त्या म्हणतात, दळण नाही आणलं.”

“तिला इचार, मग काय आनलंय. आनखी कोन मेलं?”

“त्याला सांग, तोंड सांभाळून बोलावं. बाया बसल्यात.”

“तिला सांग, बाया मयतीला बी आल्या व्हत्या.”

“काका, दोन मिनिटं ती गिरणी बंद करता का?” योगिनी ओरडली. “मला ऐकू येत नाहीये आणि माझा घसा गेला.”

आश्रुबानं पट्टा उतरवला. एकदम इतकं शांत झालं की बायांच्या बांगड्या ऐकू आल्या. आता त्यांतली एकही हे ऐकल्याशिवाय घरी जाणार नव्हती. योगिनी पुढं झाली. पिशवी कुठं ठेवावी कळेना, तेव्हा पालथ्या डब्यावर बसून तिनं ती मांडीवरच घेतली.

“माझं नाव योगिनी. मी सेलूची. प्रतिष्ठानात मार्केटिंगला...”

“तिनं किती शिकवून आनलंय तुला?”

“कुणी नाही शिकवलं. उलट इथं आले म्हणून माझं वर्ष गेलं. तुम्ही आधी ऐकून तर घ्या.”

घोकलेली चार वाक्यं कुठल्या कुठं गेली. तिनं मोबाईल काढला आणि त्याच्यापुढं धरला. “हा शिबिरातला मूळ फोटो.” पडद्यावर कडूबाई पोपटी चोळीत, गुलाबी खुर्चीपुढं, निळ्या बादलीशेजारी हसत होती. आश्रुबानं मोबाईल हातात घेतला. काचेवर पिठाचा अंगठा उमटला. योगिनीनं बोट फिरवलं. “आता बघा.”

चोळीचा पोपटी गेला. बादलीचा निळा गेला. कडूबाईच्या तोंडावरचं रक्त गेलं. हसू तेच होतं, पण आता ते कुणाच्या तरी आठवणीतलं वाटत होतं. डबे लावून बसलेल्या बाया उठून बघायला आल्या होत्या. त्यांतली एक “अगं आई” म्हणून मागं सरली.

“असं केलं मी,” योगिनी म्हणाली. “मला ते चांगलं दिसलं म्हणून. ह्यांना विचारलंसुद्धा नाही. निरोप कुणी धाडला नव्हता. फ्लेक्स लागला तेव्हा ह्या रानात होत्या. ह्यांचा काही संबंध नाही.”

“वापस कर,” आश्रुबा म्हणाला.

“काय?”

“रंग वापस कर.”

तिनं केला. तो बघत राहिला. मग मोबाईल तिच्या हातात देऊन त्यानं खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि तोंड पुसू लागला. पिठाचा थर निघाला आणि आतून म्हातारा होत आलेला माणूस निघाला.

“म्हंजी निरोप तिचा न्हवताच.”

“नव्हता,” योगिनी म्हणाली. वर्गात बरोबर उत्तर दिल्यासारखं तिला हलकं वाटलं.

“ऐकलंस?” आता कडूबाईला मधे कुणी लागत नव्हतं. ती सरळ त्याच्याशी बोलली, बायांना ऐकू जाईल अशी. “ऐकलंस न्हवं? आता जसं गल्लीत वरडलास तसं हितं वरडून सांग. कडूबाई सोंग करत नसती. कडूबाई मरून कुनाला बोलवत नसती. आन तुजं ते लुगडं ठिवून घे. आनलंय वापस.”

आश्रुबा ओरडला नाही. तो टॉवेलची घडी घालत होता, उलगडत होता.

“त्या दिशी मी तुज्या दारातून रागानं निघालो,” तो म्हणाला. “साऱ्या एस्टीम्होरं रडत गेलेला मानूस, वापस कसा आलो माजं मला ठाव. पर गंगाखेड गेल्यावर मनात आलं, आश्रुबा, सोंग का व्हईना, बोलावलं तरी. इतक्या वर्सांनी तिनं बोलावलं तरी. कावळ्याचं निमित्त केलं, मरनाचं केलं, कायबी केलं. मी घरी यिऊन बायकोला म्हनलं, येत्या पंचमीला अक्काला आनायचं.”

“मग?” कडूबाईनं विचारलं.

“मग काय. आज तू शिकलेली पोरगी घिऊन आलीस. मोबाईल घिऊन आलीस. साक्ष-पुरावा समदं घिऊन आलीस. कशाचा? तू मला बोलावलंच न्हवतंस, ह्याचा.”

कडूबाईचं तोंड उघडं राहिलं.

“आता का गप? झरीवरून एवढ्या लांब बोलायलाच आलीस ना?”

“काका,” योगिनी म्हणाली, “त्यांचा अर्थ तसा नव्हता...”

“तू गप बस गं. तुजं सांगून झालं.” त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही. “मी मान्य करतो. भर चौकात सांगतो, माजी भन खरी, मी खोटा. तेच पायजे ना तुला? देतो. फक्त एक सांग, अक्का. मला गल्लीत बघितलंस, हातात सूप व्हतं तुज्या. त्या वक्ताला मी आलो म्हनून बरं वाटलं का न्हाई? मी यावं असं ह्या वर्सांत एकदा तरी वाटलं व्हतं का?”

चाडीतून राहिलेले ज्वारीचे दाणे जात्यात सुटे-सुटे पडत होते. कडूबाईनं पदर खांद्यावर घेतला, सारखा केला, परत घेतला. डोळा ओला झाला होता की नव्या डोळ्याला पिठाचा त्रास होत होता, हे योगिनीला कळलं नाही. एक शब्द, ती मनात म्हणाली. एक शब्द बोला, मावशी, खोटा का असेना.

कडूबाईनं उंबऱ्याशी काढलेल्या चपला पायांनी चाचपून शोधल्या. उजवी डावीकडं गेली होती, ती तिनं वाकून नीट केली. योगिनीच्या मांडीवरच्या पिशवीकडं तिनं पाहिलं नाही. भावाकडं पाहिलं नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली.